पाटील मॅडमचा नंबर

हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, नवऱ्याला नाही, जिच्यापासून काही लपत नाही त्या बहिणीलाही नाही. देवाला सांगितलं, पण तेही अर्धवट — काळारामासमोर हात जोडले, ‘तुला माहीतच आहे’ म्हटलं आणि मागच्या बाईला जागा करून दिली. आता याला सांगणं म्हणायचं का?

तुम्हाला सांगते. थांबत थांबत सांगेन, कारण एक तर मी बडबडी, आणि दुसरं म्हणजे यातला निम्म्याहून जास्त भाग मजेचा आहे. तो आधी येईल. तेवढा ऐकून, हसून, उठून जाऊ नका — म्हणजे गेलात तरी मी काय करणार? पण मग मी आजही काही सांगितलंच नाही असं होईल.

मी रेवती. आमचं घर मखमलाबादला, फुलशेती. मी नाशिकच्याच एका कॉलेजात मेकॅनिकल केलं. वर्गात मुलं भरमसाट आणि मुली सहा. वर्कशॉपमध्ये काय चालायचं सांगू? गट पाडायचे, प्रत्येक गटाला एक मुलगी वाटून द्यायची — प्रसादासारखी — आणि मग लेथवर मुलं, जर्नल मुलीकडे. ‘तुझं अक्षर छान आहे ना, तू लिही.’ अहो, माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय! तरी जर्नल माझ्याकडेच. अशा सुंदर अक्षराच्या पोरी चार वर्षांनी इंजिनिअर होऊन बाहेर पडायच्या आणि नट कुठल्या बाजूला फिरवला की सुटतो, हे त्यांना ठाऊक नसायचं.

दुसऱ्या वर्षी माझं डोकं सटकलं. मी आणि तीन-चार जणींनी मिळून मुलींचा गट काढला. नाव ठेवलं ‘पाना’. मंगळवार आणि गुरुवार, पाच ते सात, वर्कशॉप फक्त मुलींचं. आमचे प्रभारी सर भला माणूस — कागद पुढे केला की सही करायचे, कागद कसला ते विचारायचेही नाहीत. पहिल्या मंगळवारी सगळ्या वर्षांच्या मिळून अठरा मुली आल्या. काय ती धमाल! कानस घासून घासून हाताला फोड आले आणि जी ती आपला फोड दुसरीला दाखवत हिंडत होती. गुरुवारी आल्या पाच.

का? तर बाप. ‘सातला सुटणार म्हणजे घरी यायला आठ. कशाला ते? अभ्यासात आहे का?’ दिंडोरीच्या एका द्राक्षवाल्या काकांनी पोरीला विचारलं, ‘तिथं कोनी मॅडम हायेत का लक्ष द्यायला? त्यांच्याशी बोलतो मी.’ आता आमच्या विभागात मॅडम औषधालासुद्धा नव्हती. पोरगी रडकुंडीला आली, फोन माझ्या हातात दिला नि म्हणाली, काहीतरी कर. मला त्या दिवशी सडकून सर्दी झाली होती. घसा असा बसलेला की आवाज पन्नाशीच्या बाईचा. मी फोन घेऊन दाराबाहेर गेले, कानाला लावला आणि — देवाशपथ, ठरवलं नव्हतं — तोंडातून निघालं, ‘हं, बोला. पाटील मॅडम बोलतेय.’

पाटीलच का? कारण पाटील कुठलेही असू शकतात. खेड्यातले, शहरातले, कुठल्याही तालुक्यातले, कुठल्याही जातीतले. हे मी नंतर जुळवलेलं शहाणपण, तेव्हा आपलं सुचलं म्हणून सुचलं. आणि बोलण्याची तऱ्हा माझ्या आईची. आई फुलांचा सौदा फोनवर करते. व्यापाऱ्यानं भाव सांगितला की ती लगेच उत्तर देत नाही, नुसतं ‘हंऽऽ’ म्हणते आणि गप्प बसते. पलीकडचा माणूस त्या गप्प बसण्यानंच कासावीस होतो आणि आपणहून भाव वाढवतो. मी तेच केलं. काका म्हणाले, लय उशीर होतो. मी म्हटलं, हंऽऽ. काका म्हणाले, तसं काय, तुम्ही आहात म्हटल्यावर... मी म्हटलं, हंऽऽ. काका म्हणाले, मग आठ वाजले तरी चालतील! आत येऊन सांगितल्यावर ती पोरगी मला मिठी मारून नाचली. तिला मी सांगितलं की बोलले ती मी नव्हे. मावशीच्या ओळखीतल्या एक निवृत्त बाई आहेत, त्यांना कॉन्फरन्सवर घेतलं होतं. आनंदात होती, पटलं तिला.

मग काय विचारता! महिनाभरात मी दुसरं सिमकार्ड घेतलं, जुन्या फोनमध्ये टाकलं. व्हॉट्सॲपला फोटो गुलाबाचा. जिल्ह्यातल्या वीस-पंचवीस बापांच्या फोनमध्ये नंबर सेव्ह झाला — ‘पाटील मॅडम मेकॅनिकल’. नियम दोनच. मॅडम फक्त पालकांशी बोलतात, मुलींशी कधीच नाही. आणि मॅडम भेटत नाहीत, गुडघ्याचं दुखणं आहे. बापांना वाटायचं, मॅडम वर्कशॉपमध्ये खुर्ची टाकून बसतात. पोरींना वाटायचं, मॅडम घरी बसून फोन करतात आणि आपल्याला वाचवतात. आणि मला एकटीला माहीत होतं की मॅडम कॉलेजच्या पाण्याच्या टाकीमागे उभी राहून, घशाला बर्फाचा गोळा लावून बोलतेय.

पाटील मॅडमना संसारही लागला बरं का. कुणीतरी विचारलं, मिस्टर काय करतात? मी म्हटलं, नाशिक रोडला नोटांच्या प्रेसमध्ये. झालं! पुढच्या आठवड्यात एका बापानं भाच्याचा बायोडेटा पाठवला, ‘साहेबांना सांगून प्रेसमध्ये बघा जरा.’ मी घाबरून मिस्टरांना महिन्याभरात रिटायर केलं. रोज सकाळी सूर्योदय, गुलाब, चहाचा कप आणि सुविचार यायचे. संक्रांतीला तिळगूळ, दिवाळीला पणत्या. लग्नाच्या पत्रिका तर इतक्या, की पाटील मॅडम सगळीकडे गेल्या असत्या तर त्यांना वर्षभर घरी स्वयंपाक करावा लागला नसता. आणि प्रश्न? ‘मॅडम, पोरगी जेवत नाही.’ ‘मॅडम, जीन्स घालू द्यावी का?’ ‘मॅडम, तिची आई ऐकत नाही, तुम्ही बोला.’ मी वीस वर्षांची घोडी, पन्नाशीच्या माणसांना सल्ले देत होते, आणि ते ऐकत होते हो!

‘पाना’ जोरात चालला. मुली वेल्डिंग करायला लागल्या, इंडस्ट्रियल व्हिजिटला जायला लागल्या, स्पर्धेसाठी बाहेरगावी मुक्काम करायला लागल्या. प्रत्येक परवानगीमागे पाटील मॅडमचं एक ‘हंऽऽ’ होतं. मला त्याचा गर्व होता. अजून आहे, खोटं कशाला बोलू? त्या तीन वर्षांत मी खूप मुलींसाठी दारं उघडली. हे आधी सांगून ठेवते — बचाव म्हणून नाही. उलट म्हणून. आवाज खोटा असला तरी बोलायचा खरं, असं मी मनाशी धरून होते, आणि म्हणूनच पुढचं जास्त लागतं.

आता कोमल.

कोमल अहिरे सटाण्याची. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आमच्या वर्गात आली. बुटकी, सावळी, हसली की डोळे मिटणारी, आणि हात असा की सर गप्प व्हायचे. तिची वेल्डिंगची रांग बघून आमचे वर्कशॉपचे अण्णा एकदा म्हणाले होते, ‘ही पोर मशीनच्या आधी जन्माला आली का नंतर?’ शेवटच्या वर्षी ‘पाना’नं कांदा निवडायचं यंत्र केलं — फिरतं पिंप, तीन मापांच्या जाळ्या, बारका कांदा अलीकडे पडतो, मोठा पलीकडे. कल्पना कोमलची, जाळी कोमलची, वेल्ड कोमलचा. भाषण माझं. ते मला छान जमतं.

तिचे वडील सटाण्याच्या बाजार समितीत मापाडी. दिवसभर कांद्याचं वजन करायचं, शेतकरी एकीकडे, व्यापारी दुसरीकडे, आणि यांचा काटा मध्ये. माणूस सरळ, हळू बोलणारा. पाटील मॅडमवर त्यांचा फार जीव. मराठी बोलायला जायचे आणि मध्येच अहिराणी निसटायची. ‘ताई, आमनी पोर हुशार शे, पण आमाले काय समजस? तुम्ही सांगाल तसं.’ माझ्या एका फोनवर त्यांनी कोमलला हॉस्टेलला ठेवलं, एका फोनवर मुक्कामाच्या स्पर्धेला पाठवलं. एकदा कोमलसोबत मॅडमसाठी कांद्याची गोणी पाठवली. मी ती मावशीकडे पोचवते म्हणून सांगितलं आणि आमच्या घरी आणली. दोन महिने खाल्ली.

शेवटच्या वर्षी पुण्याकडची एक मोठी कंपनी मुलाखतीला आली. डिझाइनला एकच मुलगी घेतली — कोमल. मी दुसऱ्या फेरीत गळाले. तुम्हाला वाटेल, मला वाईट वाटलं असेल. वाटलं. पण मी पेढे वाटले, तिला खांद्यावर घ्यायला गेले, दोघी पडलो, सगळा विभाग हसला. शुक्रवारी होकार कळवायचा होता. कोमल म्हणाली, बाबांना मी कसं सांगू? मी म्हटलं, तू नको सांगू, पाटील मॅडम आहेत ना!

फोन त्यांचाच आला, मंगळवारी दुपारी, साडेतीनला. मी पाण्याच्या टाकीमागे. ‘ताई, पुण्याची नोकरी लागली म्हणते पोर.’ मी म्हटलं, हंऽऽ. म्हटलं आता गाडी उतारावर आहे, आपणहून हो म्हणतील. पण ते म्हणाले — ‘तुमचा शब्द मला खूप शे. पण हे लहान काम नाही, ताई. कांदा असो का पोर असो, फोनवर वजन होत नाही. मी गुरुवारी येतो. कॉलेजात. तुम्हाले भेटतो, तुमच्या तोंडानं ऐकतो, मग लगेच हो.’

गुरुवारी. कॉलेजात.

तुम्ही काय केलं असतं? नाही — हा प्रश्न मी मागे घेते. मी काय केलं तेवढंच सांगते. माझ्या डोळ्यांसमोर काय काय आलं! हा माणूस येणार, ऑफिसात विचारणार, पाटील मॅडम कुठे बसतात? शिपाई म्हणणार, कोण पाटील मॅडम? विभागप्रमुख बाहेर येणार. मग फोन दाखवणार, नंबर दाखवणार. प्राध्यापक असल्याचं भासवून पालकांना फसवलं म्हणून माझं नाव कापणार, ‘पाना’ बंद, पंचवीस बापांना कळणार, पंचवीस पोरी पाच वाजता घरी. हे सगळं खरं होतं का? असेल. झालं असतंच का? काय माहीत. त्यांना खरं सांगायची वेळ होती. ‘काका, मी रेवती. कोमलची मैत्रीण. पाटील मॅडम कुणी नाही, पण नोकरी खरी आहे आणि तुमची पोर त्या लायकीची आहे.’ तीन वाक्यं. मोजली आहेत मी नंतर, पुष्कळदा.

मी म्हणाले, ‘अहिरे भाऊ, येऊ नका.’

आणि त्यांना यायचं कारणच उरू नये म्हणून पुढे म्हणाले, ‘तसंही मला फारसं पटत नाहीये. पोर एकटी राहणार. मोठं शहर. शिफ्टची कामं, वेळी-अवेळी येणं-जाणं. नोकऱ्या काय, मिळतील नाशिकातसुद्धा. वर्षभर थांबा. घाई करू नका.’

ऐकलंत? ही वाक्यं कुणाची, ओळखलीत? ज्या वाक्यांना तीन वर्षं मी एकेक करून खोडून काढलं होतं, तीच. दिंडोरीच्या काकांची, सिन्नरच्या, निफाडच्या, सगळ्यांची. मला तोंडपाठ होती ना. आणि पाटील मॅडमच्या आवाजात ती इतकी शोभून दिसली की काय सांगू. पलीकडे अहिरे काकांनी सुस्कारा सोडला. सुटल्यासारखा. ‘मंग नको. तुम्हीच नको म्हणता तर नकोच. बरं झालं तुम्हाले विचारलं, ताई.’

आणखी एक आहे. तेही सांगून टाकते, नाहीतर हे सगळं लिहून उपयोग काय? त्या बोलण्यात भीती किती होती आणि हेवा किती होता, हे मला आजही धड वेगळं करता येत नाही. ‘पोर एकटी राहणार’ म्हणताना मी घाबरलेली होते. ‘नोकऱ्या काय, मिळतील’ म्हणताना — आतून कुठेतरी बरं वाटलं होतं. दुसऱ्या फेरीत गळालेल्या मुलीला बरं वाटलं होतं. तोंडात पेढ्याची चव अजून होती हो.

बुधवारी कोमल वर्कशॉपमध्ये आली. डोळे सुजलेले. मला वाटलं, भांडण करून आलीय, आता हट्ट धरील, उपोषण करील, कोमलच ती. पण ती बाकावर बसली आणि म्हणाली, ‘रेवा, दुसरं कुणी नको म्हटलं असतं ना, तर मी बाबांशी जन्मभर भांडले असते. पण मॅडमच नको म्हणाल्या गं. त्यांनी आपल्यासाठी एवढं केलंय. त्यांना काहीतरी दिसत असेल.’ मग माझा हात धरला. ‘तू बोल ना त्यांच्याशी. तुझ्या मावशीच्या ओळखीच्या आहेत. एकदा फक्त बाबांना फोन करू देत. शुक्रवारपर्यंत.’

मी म्हटलं, बोलते.

दोन दिवस होते, बरं का. फोन माझ्या खिशात होता, आवाज माझ्या घशात होता. ‘भाऊ, मी विचार केला, पाठवा पोरीला’ — एवढंच. पण ते म्हणाले असते, मग येतोच गुरुवारी भेटायला. मी गुरुवार घालवला. शुक्रवारी सकाळी कोमलला सांगितलं, ‘बोलले मी. मॅडम म्हणतात, वडिलांचं मन मोडू नकोस.’ इथे तरी थांबायचं होतं की नाही मी? आधीचं घाबरून झालं असं म्हणता येईल एक वेळ. हे तर चांगली झोप काढून, चहा पिऊन, तिच्या तोंडाकडे बघून म्हटलं. ती — कोमल आहे ना — हसली. ‘जाऊ दे. तुझं पण नाही झालं, माझं पण नाही झालं. दोघी सारख्या.’ आणि मला कँटीनला नेऊन मिसळ खाऊ घातली. मी खाल्ली. एक्स्ट्रा रस्सा मागून खाल्ली.

पुढे मी अंबडला एका कारखान्यात क्वालिटीला लागले. आजही तिथेच आहे, बढती झाली, चार माणसं हाताखाली आहेत. कोमल सटाण्याला परत गेली. वर्षभर थांबली. वर्षाची दोन झाली, मग स्थळ आलं, चांगलं होतं, लग्न झालं. नवऱ्याचं ठिबक सिंचनाचं आणि पंपांचं दुकान आहे. दोन मुलं आहेत, अंगानं भरलीय, हसली की अजून डोळे मिटतात. जळालेली मोटर दुकानात आली की नवरा सरळ तिच्यापुढे ठेवतो. तालुक्यातून लोक येतात, म्हणतात वहिनींना दाखवा. ती सुखी आहे. खरंच आहे, मी बघितलंय. हे लिहिताना मला इतकं बरं वाटतं, की मलाच माझा संशय येतो. ती हिकमतीची आहे, वाळवंटात टाकली तरी तिथे पंप बसवील. त्यात माझं काय?

कॉलेज सुटताना मी पाटील मॅडमना मुलीकडे नागपूरला पाठवून दिलं. ‘पाना’ मात्र सुटला नाही. नवीन मुलींनी चालवला, आणि आता तर विभागात खऱ्याखुऱ्या चार मॅडम आहेत, परवानग्या त्याच घेतात. सिमकार्ड मी टाकून दिलं नाही. दरवर्षी रिचार्ज करते. का, ते विचारू नका. सूर्योदय कमी झालेत, पण दोघा-तिघांचे अजून येतात. अहिरे काकांचा रोज येतो, सकाळी सहा वाजता.

या हिवाळ्यात ‘पाना’च्या जुन्या मुलींचा मेळावा झाला. मी प्रमुख पाहुणी! शाल, श्रीफळ आणि एक स्टीलचा पाना भेट. कोमल आली होती, पोरांना घेऊन. भाषणात मी सगळ्यांना पोट धरून हसवलं. जेवताना ती माझ्या शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, ‘रेवा, पाटील मॅडमचा नंबर चालू आहे का गं? माझी चुलत बहीण, सायली, काकांची धाकटी. इंजिनिअर झाली. तिला पुण्याला नोकरी लागलीय. काका म्हणतात, थोरले म्हणतील तसं, आणि थोरले म्हणजे माझे बाबा. ते कुणाचंच ऐकत नाहीत. पण मॅडमचं अजून ऐकतील.’

मी पाणी प्यायले. म्हटलं, ‘चालू आहे बहुतेक. सांगते मी त्यांना.’

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नवऱ्याला भाजी आणायला पाठवलं, दार लावलं, फ्रीजमधला बर्फ घशाला लावला. इतक्या वर्षांनी. आता बर्फाची फारशी गरज पडत नाही, आवाज तसाच जड झालाय. फोन लावला. ‘अहिरे भाऊ, पाटील मॅडम बोलतेय.’ काय आनंद झाला त्या माणसाला! गुडघे कसे आहेत, नातवंडं कशी आहेत, नागपूरला थंडी फार, नाशिकला या. मग सायलीचं निघालं. मी या वेळी ‘हंऽऽ’ म्हटलं नाही. सरळ म्हटलं, ‘पाठवा. बिनघोर पाठवा. पोरीनं स्वतःच्या पायावर उभं राहायलाच पाहिजे.’

‘धाडतो,’ ते म्हणाले. ‘तुम्ही हो म्हणता म्हणजे झालं. कोमलच्या वेळेला तुम्ही आडवलं, तेही बरोबरच होतं, ताई. पोर डोळ्यांसमोर राहिली. रोज तुमचं नाव निघतं घरात.’

मी काहीच बोलले नाही. त्यांना ते पाटील मॅडमचं नेहमीचं गप्प बसणं वाटलं असणार.

‘थांबा,’ ते म्हणाले, ‘कोमल आलीय घरी, इथंच बसलीय. द्या तिला आशीर्वाद.’ मी नको म्हणायच्या आत फोन तिच्या हातात गेला. मी ‘हं, बोल’ एवढंच म्हटलं आणि वाटलं, संपलं. एवढ्याशा शब्दातही आवाज ओळखेल. ओळखला नाही. ओळखला असता तर तिनं मला तिथल्या तिथे अशी शिवी हासडली असती, की काका फोन घेऊन बाहेर गेले असते. मी ओळखते ना तिला.

‘नमस्कार मॅडम,’ कोमल म्हणाली. किती अदबीनं! माझ्याशी ती असं कधीच बोलली नाही. ‘तुमच्याशी पहिल्यांदाच बोलतेय. सायलीचं काम केलंत, फार बरं झालं.’ मग आवाज खाली आणला. ‘मॅडम, राग नाही ना येणार? एक विचारायचं होतं. कधीपासून विचारायचं होतं. माझ्या वेळी तुम्ही नाही का म्हणालात? म्हणजे तक्रार नाही हो. फक्त, माझ्यात काय कमी दिसलं तुम्हाला, ते कळलं असतं तर बरं झालं असतं.’

खिडकीत मी उभी होते. फोन चालू होता. पलीकडे ती वाट बघत होती, आणि मला माहीत आहे, ती वाट बघते तेव्हा श्वास रोखून धरते.

‘आठवत नाही गं,’ मी म्हणाले. ‘वय झालं आता. खूप मुली होत्या.’

‘हो, असणारच,’ ती म्हणाली. ‘असू द्या, मॅडम. तब्येतीला जपा.’

आणि फोन परत वडिलांकडे दिला.